पोकाचा टीव्ही आणि मैत्रीचं नाव

६ फेब्रुवारी, गुरुवार

मैत्रीचा फोन! तिची मालिका एकवीस तारखेला येतेय. मी विचारलं, किती वाजता? तर नात माझी खो खो हसली. "आजोबा, त्याला वेळ नसते. तुम्ही लावाल तेव्हा लागते."

वेळ नसते! फोन ठेवला आणि त्या वाक्यापाशीच बसून राहिलो. आमच्या वेळी वाट बघण्यातच निम्मा सिनेमा व्हायचा. शाळेच्या ओसरीवर टीव्ही, पुढे पोरं, मागे बाया, आणि कौलांवर अँटेना फिरवणारा ओरडतोय — "आलं का? आलं का?" खालून सगळे एकसुरात — "गेलं!" कवितेच्या तासालाही वर्ग इतका एकसुरात म्हणत नसे.

बायकोला, तुळसाला सांगितलं. "त्यात पोर दिसंल का?" म्हटलं, दिसणार नाही. ती आवाज गोळा करते. दारांचे, पावलांचे, वाऱ्याचे. ते चित्राला जोडतात. "मंग त्यो केसाळ बोका त्याच्यासाठीच व्हता व्हय!" गेल्या दिवाळीत मैत्री आली होती तेव्हा काठीच्या टोकाला केसाळ टोपीतला माइक लावून अंगणभर हिंडत होती. माडाखाली, पडवीत, विहिरीवर. आजीला खोकूसुद्धा देईना.

पण एक अडचण आहे. केबलवर हे दिसत नाही म्हणे. त्याला वेगळं यंत्र लागतं.

७ फेब्रुवारी

अजितचा फोन. न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात असला की चिरंजीव नेहमी ओरडूनच बोलतात. "तेवीसला, रविवारी येतो बाबा. एकटाच. शेवटी नावं येतात ना, त्यात तिचं नाव मला दाखवा. दिसलं तर पुढं काही बोलणार नाही. नाही दिसलं तर एप्रिलपासून आमच्या ऑफिसात. मी बोलून ठेवलंय साहेबांशी."

अरे, पोर सव्वीस वर्षांची आहे, म्हटलं. "म्हणूनच! माइक घेऊन उकिरडे हिंडायचं हे काय काम आहे? लोक विचारतात, काय सांगू?"

वाईट नाही तो. भ्यायलाय फक्त. पण मैत्री बापाचा शब्द मोडणार नाही, हेही मला ठाऊक आहे. बाप बोलला की ती गप्प होते आणि ऐकते. तेच वाईट.

म्हणजे आता यंत्र नीट निवडलं पाहिजे. नाव दिसलं पाहिजे.

८ फेब्रुवारी

सल्ला कुणाचा घ्यावा? गावात या विषयातला जाणकार एकच — बुधाजी, केबलवाला. म्हणजे ज्याची केबल सोडायची त्यालाच विचारायचं! लाजत लाजत गेलो.

"गुरुजी, माजी वायर कापायची कशी, त्ये मलाच इचारताय व्हय?" पोट धरून हसला. मग खुर्ची पुसून दिली. चौथीत असताना कवितेच्या तासाला हमखास झोपायचा हा. आता डोक्याला टक्कल. म्हणाला, "कापा गुरुजी. तसंबी आता इंटरनेटची वायर मीच टाकतो गावात. एक कापा, दुसरी घ्या. बुधाजी हाय तितंच हाय."

मग त्याने समजावलं. तीन वाटा. एक, नवा टीव्ही, सगळं त्याच्या पोटातच. दोन, एक काडी मिळते, टीव्हीच्या मागे खोचायची. तीन, डबी. वायरने जोडायची.

काडी! मला काडीच आवडली. एवढ्याशा काडीत एवढ्या गोष्टी.

१० फेब्रुवारी, सोमवार

म्हसळ्याला जाऊन आलो. चिरागशेठचं दुकान. भिंतभर टीव्ही, सगळ्यांवर एकच पोपट उडतोय. "गुरुजी, आवो आवो! हा बघा, पोपटाचा एकेक पीस मोजून घ्या. जुना टीव्ही मला देऊन टाका, घरून उचलून नेतो." मी म्हटलं, काडी द्या. शेठचं तोंड एवढंसं झालं. "काडी तो काडी. पण घरचा टीव्ही कोणता छे?" म्हटलं, चांगला आहे.

काडी घेऊन एसटीत बसलो. बाहेर आंबे मोहोराने लगडलेले. पिशवी मांडीवर धरून होतो, परीक्षेचे पेपर धरावेत तशी.

घरी आलो. टीव्ही फिरवला. काडी खोचायला भोकच नाही! मागे नुसती तीन गोल भोकं — पिवळं, पांढरं, लाल. बाकी सगळा पोक.

तुळसा म्हणाली, "इचारलं न्हाय व्हय दुकानात?" विचारलं होतं. त्यानेच मला.

११ फेब्रुवारी

बुधाजीने काडी बघितली आणि न हसता खिशात टाकली. शहाणा माणूस. उद्या तो म्हसळ्याला जाणारच आहे, बदलून तीन वायरवाली डबी आणतो म्हणाला.

१३ फेब्रुवारी

डबी आली. काळी, साबणाच्या वडीएवढी. बुधाजीने लाल लालमध्ये, पिवळी पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात घातली. माझ्या वर्गात रंग शिकला होता, वाया गेलं नाही. इंटरनेटही लावून दिलं. चहा घ्यायला लावला तेव्हा कुठे टेकला.

रिमोटला बोलून सांगता येतं! मी घसा साफ करून सांगितलं, "कृपया आम्हांस समुद्रावरील एखादा माहितीपट दाखवावा." यंत्र गप्प. पुन्हा, सावकाश, शुद्ध उच्चारात. गप्प. तुळसा म्हणे, "उत्तर येत नसंल त्याला. बाकावर उभा करा."

मग तीच म्हणाली, "आरं, समुद्र दाव." आणि समुद्र आला!

खूप दिवसांनी दोघं एवढे हसलो. मैत्रीचे उपकार.

१४ फेब्रुवारी

एक सिनेमा शेवटपर्यंत बघितला, मुद्दाम, शेवटच्या नावांसाठी. नावं आली. पण काय ती नावं! मुंग्यांची रांग. पुसट, इंग्रजी, आणि कडेची पडद्याच्या बाहेरच गेलेली. नाकाला काच लागेपर्यंत जवळ गेलो. एक अक्षर लागलं नाही.

बुधाजीला फोन केला. "गुरुजी, डबीचा दोष न्हाय. ह्यो टीव्ही जुन्या वक्ताचा. एवढी बारीक अक्षरं त्याला झेपत न्हाईत." मग म्हणाला, "नावच वाचायचं आसंल तर चिरागशेठचा टीव्ही घ्या."

१५ फेब्रुवारी

रात्री अजितला सांगितलं. तर लगेच, "मी घेतो ना! शेठला सांगा, तो उद्या आणून लावेल आणि जुना घेऊन जाईल." एका वाक्यात प्रश्न सुटला. मी खूश.

तुळसा नाही. भांडी घासता घासता म्हणाली, "माजा टीव्ही न्यायचा न्हाय."

"अगं, अक्षरं स्वच्छ दिसतील."

"कुनाला?"

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं तरी तिला धुकं ते धुकंच. दुसऱ्याने उजेड तेवढा कळतो. ती टीव्हीसमोर बसते, पण पाठ भिंतीला, डोळे मिटून, वाल सोलत. "भावनाच्या घरी हाय तसला चपटा," ती म्हणाली. भावना म्हणजे आमची धाकटी, मुरुडला असते. "चिलट गुणगुणल्यावानी बोलतो. कोन रडतंय, कोन हसतंय, कळत न्हाय. ह्यो माजा कसा छाती भरून बोलतो."

खरंच, बोलतो. पोकात त्याच्या मोठाच्या मोठा कर्णा आहे.

१६ फेब्रुवारी

दिवसभर तोच विचार. नवा घेतला तर नाव दिसेल, अजितचं तोंड बंद होईल, मैत्री सुटेल. जुना ठेवला तर तुळसाला मालिका ऐकू येईल, पण नाव दिसणार नाही. दोन्ही ठेवावेत तर खोली केवढी आमची! आणि शेठ जुन्याच्या बदल्यातच नवा देतोय.

संध्याकाळी दिघीच्या धक्क्यावर जाऊन बसलो. आगरदांड्याहून फेरीबोट येत होती. पूर्वी याच धक्क्यावर सहल आणायचो, पोरांना बोटीच्या तालावर कविता म्हणायला लावायचो. अजितही असायचा त्यात. कविता पाठ असण्यात वर्गात पहिला. मला केवढा अभिमान — माझ्या चालीवर पाठ करतो म्हणून!

१७ फेब्रुवारी

ठरलं. जुनाच राहील. नात माझी आवाज करते आणि मी तिच्या आजीचे कान काढून घेऊ? नावाचं काय करायचं ते त्या दिवशी बघू.

तुळसाला सांगितलं. "बरं," एवढंच म्हणाली. जेवताना माशाचा मधला तुकडा मला वाढला.

१८ फेब्रुवारी

अजित चिडला. "म्हणजे नाव मी बघूच नये, असंच ना? ठीक. नाव नाही, तर नाही."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आली! डबीत मालिकेचं चित्र आलंय. मैत्रीचा मेसेज — "बघितली का?" लिहिलं, रविवारी तुझ्या बाबांबरोबर. तिने नुसते जोडलेले हात पाठवले. कशासाठी, कळलं नाही.

लावण्याचा मोह दोनदा आवरला. वाट बघण्याची सवय जुनी आहे माझी.

२३ फेब्रुवारी, रविवार

सगळं नीट लिहायला हवं.

अजित अकराला आला. बुधाजीने दुपारी शेतात पोपटी लावली होती, मडक्यात शेंगा भाजायला. मडकं घरी घेऊन आला, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास खोलीभर. वालाच्या शेंगा सोलत आम्ही चौघं बसलो. अजितचा चेहरा यार्डातला, शिक्का मारायला आल्यासारखा.

मालिका खुनाची निघाली! किनाऱ्यावरचं गाव, एक म्हातारा मारलेला. तुळसा म्हणाली, "आमच्या पोरीला दुसरं काम न्हाय मिळालं?" बुधाजी म्हणाला, "गप काकी, खुनी सटकंल." मी आपला शेवटाची वाट बघत होतो.

शेवट आला. नावं सुरू झाली, मी पुढे सरकलो — आणि चित्र एकदम आक्रसून कोपऱ्यात गेलं! टिकलीएवढं. खाली पट्टी, पुढचा भाग सुरू होतोय. बुधाजी रिमोटशी झटापट करेपर्यंत दुसरा भाग सुरू! त्या डबीला शेवटपर्यंत बसणारी माणसंच ठाऊक नसावीत.

"गेलं," अजित म्हणाला. हात झटकून उठला. "बघितलं ना बाबा? ह्या लोकांना स्वतःलाच ती नावं दाखवायची नाहीत. एवढीच किंमत त्याची."

मी शेंगांची सालं गोळा करू लागलो.

पडद्यावर दुसऱ्या भागात पहाट होत होती. कुणाचं तरी मोकळं अंगण. संवाद नव्हता, नुसते आवाज.

तुळसा म्हणाली, "थांब. आपली कप्पी."

"काय?"

"आपल्या इहिरीची कप्पी हाय ही. ऐक."

अजितने पडद्याकडे बघितलं. "आई, ही विहीर चिऱ्याची आहे. आपली कुठे अशी?"

"इहीर नसंल. कप्पी आपली हाय."

मग मलाही ऐकू आलं. कुर्र — कुईं, कुईं — आणि एक छोटा थांबा, दोर दुसऱ्या हातात घेतानाचा. पंप असूनही पिण्याचं पाणी तुळसा अजून हातानेच ओढते, त्या कप्पीचा. दुसऱ्याच कुणाच्या विहिरीवर, दुसरीच बाई पाणी ओढतेय, आणि आवाज माझ्या अंगणाचा!

अजित उभा होता तो खाली बसला. बुधाजीला म्हणाला, "मागे घे." पुन्हा. "परत." तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटले आणि ओठ हलू लागले. मी कान दिला. चौथीची कविता! चाळीस वर्षांपूर्वीची. कप्पीच्या एकेका ओढीवर एकेक चरण, आणि थांब्यावर बरोबर थांबा.

डोळे उघडले तर मी बघत होतो. ओशाळला. म्हणाला, "पहाटे आईबरोबर विहिरीवर जायचो ना. या कप्पीच्या तालावरच पाठ करायचो सगळ्या कविता. मी अडकलो की आई दोर धरून ठेवायची. आठवलं की मग ओढायची."

मी तुळसाकडे बघितलं. ती वाल सोलत होती. "तुमच्या चालीत त्याला दम लागायचा," म्हणाली.

इतकी वर्षं मी वर्गात मिरवलो! आणि खरा तास पहाटे, अंगणात. राग आला नाही. उलट इतकं भरून आलं, की उठून पाणी प्यायलो. त्याच विहिरीचं.

जाताना अजित नावाबद्दल बोलला नाही. एप्रिलबद्दलही नाही. विहिरीवर जाऊन उगाच एक कळशी ओढून ठेवली आणि गेला. काय ठरवलं, कळत नाही.

२४ फेब्रुवारी

बुधाजी येऊन नावं थांबवायची कळ शिकवून गेला. मैत्रीचं नाव डोळ्यांनी अजून लागत नाही. त्याने मोबाइलवर फोटो काढून मोठा केला. आहे. काजळाच्या रेघेएवढं, पण आहे. तुळसाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला म्हाईत हाय."

अजितला फोटो पाठवला. उत्तर नाही.

२५ फेब्रुवारी

उत्तर नाही. मैत्रीने विचारलं, "बाबा काय म्हणाले?" कप्पीचं सगळं सांगितलं. तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग, "पण एप्रिलचं?" म्हटलं, माहीत नाही गं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी अजितकडून मोबाइलवर एक आवाज आला. नुसता आवाज. आधी साखळ्यांची किणकिण, मग लांबवर भोंगा, मग सगळं शांत, आणि शेवटी — ढम्म! खाली लिहिलं होतं —

"कंटेनरवर कंटेनर बसतानाचा. जवळ जाऊन घेतलाय, वारा नाही येऊ दिला. आईला ओळखायला लावा. मग मैत्रीला पाठवा, कुठे बसत असेल तर बघ म्हणावं. माझं नाव सांगू नका."