हंड्याचं तारण

बाबा, या बॉलपेनवर फौजदारी खटला भरायला हवा. एक ओळ लिहितं, दुसरी गाळतं आणि मधेच शाईची अशी गुठळी टाकतं, की वर्तमानपत्रात टोमणे मारून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याची इभ्रत जावी. तुमचं पेन असतं तर ही वेळ आली नसती. ते का नाही, हे सांगायलाच बसलोय.

गेल्या रविवारी जालन्याच्या चर्चमध्ये ती आल्ती. अंकुशनगरला आपल्या खोलीत तुमच्या रविवारच्या शब्बाथ शाळेला यायची ती, कारखान्यातल्या फिटरची मुलगी. आता धर्मशास्त्र शिकवते. मंडळींनी एकुलता एक फिरता पंखा तिच्या बाजूला ठेवला होता. मी, उपदेशकाचा सख्खा मुलगा, खांबामागे घाम पुसत. जळफळाट झाला, लपवत नाही. तो काही आजचा नाही. वचन समजावताना तुम्ही आधी तिच्या तोंडाकडे बघायचात, मग आमच्या. घरी मला म्हणायचात, "तिला विचार. तिला बराबर समजलंय."

ती 'तारण' या शब्दावर बोलली. पवित्र शास्त्र मराठीत आणणाऱ्यांना पापातून सुटकेसाठी शब्द हवा होता. जो सापडला तो आधीपासून सावकाराच्या ओट्यावर बसलेला. आज तर तारण म्हटलं की पोरांना सोन्यावर कर्ज देणाऱ्यांची जाहिरात आठवते. "म्हणून शब्द बाटत नाही," ती म्हणाली, आणि हंड्याची गोष्ट काढली.

आपलाच हंडा, बाबा. तुम्ही पत्र्यावर 'तारणाचा मार्ग, दर रविवारी' असं रंगवून दारावर टांगलंत, आणि एक म्हातारी तांब्याचा हंडा घेऊन हजर.

"मास्तर, ह्यो ठिवून घ्या."

"आजी, इथं ते तारण न्हाई."

"मंग पाटी कशाला टांगली? मान मोडली ना माझी!"

आम्ही पोटं धरून हसत होतो. तुम्ही तिला चहा पाजून वाटेला लावलंत आणि आम्हाला विचारलंत, "ती बिलकुल चुकली का रे?" मी उठलो. "गहाण पडलेला हंडा सोताहून घरी जात न्हाई. ज्याचा हाये त्यालाच येऊन सोडवावा लागतो." तुम्ही खिशातलं पेन काढून माझ्या खिशाला लावलंत. पुढं गावोगाव सांगत राहिलात, "माझं पोरगं म्हणालं."

परवा तीही शेवटी म्हणाली, "हे मास्तरांचा मुलगा म्हणाला होता." सगळी मंडळी वळून खांबाकडं बघायला लागली.

बाबा, ते वाक्य माझं नव्हतं. चटईवर ती ते माझ्या कानात पुटपुटली होती. ती उठायच्या आत मी उठलो. ती तेव्हा गप्प राहिली आणि परवा सगळ्यांसमोर मलाच देऊन टाकलं. क्षमेवर तुमची इतकी प्रवचनं ऐकली, पण क्षमा एवढी टोचते हे एकाही प्रवचनात नव्हतं.

जेवणं झाल्यावर मी पेन तिच्यापुढे ठेवलं. "हे तुझं आहे."

तिनं टोपण काढून निब पाहिली. "अगं बाई," म्हणाली, "हंडा सोताहून घरी आला की!" आणि पेन पर्समध्ये टाकलं.

हे पत्र तुमच्या बायबलात घालून ठेवतो, आणखी कुठं पाठवणार? पण एक सांगून टाकतो. ती हसली तेव्हाही माझ्या मनात पहिलं हेच आलं: हे वाक्यसुद्धा तिच्याआधी मला सुचायला हवं होतं.