किती फरकाने

इव्हान्सव्हिल, इंडियाना
मंगळवार, ११ फेब्रुवारी १९८६

प्रिय नोरीन,

दादाचे आशीर्वाद. पत्र घरी न पाठवता तुझ्या शाळेच्या स्वयंपाकघरात का पाठवलं, म्हणून चक्रावशील. आधी बस, मग वाच.

इकडे बर्फाने जीव नकोसा केलाय. पर्सिमन फळांचं पुडिंग करायला गेलो आणि भांडंच करपवलं. कॉलेज बास्केटबॉल संघांचं माझं गुणांकन याही आठवड्यात वेळेवर पेपरांना गेलं. न्हावी अजून फुगलेलाच आहे. "हॉलिस, आमच्या पोरांना चाळिसाव्या नंबरावर टाकलंस? थांब, अर्धंच डोकं भादरून पाठवतो!" गणित शिकवायचं सोडून या धंद्यात पडलो तेव्हा तू म्हणाली होतीस, "दादा, लोक मारतील हं तुला." केवढा हसलो होतो मी. आता हसू येत नाही.

रविवारी फोनवर तुझा आवाज बसका वाटला. सर्दी असेल. देवा, सर्दीच असू दे.

तुझ्या क्लेटनबद्दल लिहायचंय आणि पेन पुढे सरकत नाही. तुम्ही सगळे टोल्बर्ट कॉलेज जिंकलं, आपला पोरगा चमकला, की खूश. माझं तसं नाही. कोण जिंकलं यापेक्षा किती गुणांच्या फरकाने जिंकलं, यावर माझं सगळं गुणांकन उभं आहे. आणि टोल्बर्ट जिथे पंधराने जिंकायला हवं, तिथे सारखं चार-पाचने जिंकतंय. जिंकतंय, म्हणून कोणाला खटकत नाही. पण त्या फरकाकडे माझ्यासारखीच आणखी काही मंडळी डोळे लावून बसलेली असतात. सट्टेवाले. त्यांचा पैसा त्या फरकावरच लागतो.

मी सामन्यांच्या टेप मागवून पाहिल्या. शेवटच्या मिनिटांत क्लेटन फ्री थ्रो चुकवतो. तिथे अडवायला समोर कोणी नसतं गं! आपल्या परसात डोळे मिटून टाकायचा तो. शेवटी फोन केला. "मामा, जिंकलो ना? मग झालं तर!" म्हणाला, आणि लगेच रडायलाच लागला, लहानपणी रडायचा तसा नाक ओढत. "मी त्यांना 'नाही' म्हणालो होतो मामा. त्यांना आईचं घर माहीत आहे."

शनिवारी इथल्या सामन्याला एक माणूस माझ्या शेजारी येऊन बसला. चांगला कोट, गोड बोलणं. पॉपकॉर्न पुढे केलं. "घ्या ना सर. तुमचे आकडे आम्ही अगदी विश्वासाने वाचतो. टोल्बर्टचं काही खटकलं तरी छापायची घाई नको हं. तुमच्या बहिणीला एकटीला राहायला भीती नाही वाटत?" मी किती भित्रा ते तुला माहीत आहे. पॉपकॉर्न घेतलं आणि वर थँक्यू म्हणालो. घरी येऊन टोल्बर्टसमोर गणिताचा सोडून मनाचा आकडा घातला, त्यांना शंका नको म्हणून. इतक्या वर्षांत असं कधी केलं नव्हतं.

आता रविवारचं. दर रविवारी तू एकच विचारतेस, "दादा, जिंकणार ना आपण?" फरकाचं गणित तुला समजावून समजावून मी थकलो, तुझ्या डोक्यात शिरलं नाही. आणि या रविवारी तू विचारलंस, "किती फरकाने जिंकू?" पाठ करून आल्यासारखं. फोनमध्ये तुझ्या मागे कोणीतरी खुर्ची सरकवली. नोरीन, तू तर एकटी राहतेस. मी मुकाट्याने आकडा सांगून टाकला.

म्हणून ऐक. हे पत्र गुरुवारी पोचेल. वाचलंस की घरी जाऊ नकोस, कोट घ्यायलासुद्धा नाही. शाळेचे डबे पोचवणाऱ्या गाडीतून थेट शेरीफच्या ऑफिसात जा आणि तिथून हलू नकोस. त्याच वेळी मी टोल्बर्टला क्लेटनच्या वर्गाबाहेर उभा असेन. त्याला गाडीत घालून तुझ्याकडेच आणतो. त्याचं खेळणं संपेल, बहुतेक माझंही गुणांकन. संपू दे. तुम्ही दोघं मला धडधाकट हवे आहात.

अंधार पडेपर्यंत आम्ही आलो नाही, तर हे पत्र शेरीफच्या हातात दे.

आणि आलो, तर दारातच मला नेहमीचं विचार. जिंकणार ना आपण, असं. या वेळी माझ्याकडे आकडा नाही, पण तू विचार.

गाडीत पेट्रोल भरून बसलेला,
तुझा भित्रा दादा