डोंगराची बैठक

प्रिय खुडबुड्या,

मायन्याच्या वर एक ओळ खोडलेली दिसेल. खोडली आहे, पण वाचता येते: ‘मी तुला माफ केलं आहे, घरी ये.’ ती अण्णांनी परवा सकाळी सांगून माझ्याकडून लिहून घेतली. तेव्हापासून हा कागद शिलाई मशीनवर पडून आहे आणि मी घरभर येरझाऱ्या घालते आहे. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या, यावरून काय ते समज.

आधी घरची खबर. अण्णांची नजर फार अधू झाली आहे. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, आता कपात चहा किती उरला ते बोट बुडवून बघतात. फळीवर हौसेने मांडलेले दगडही कमी केले. बरेचसे ज्या नदीतून आणले तिथेच परत ठेवायला लावले, अर्थात माझ्या कंबरेच्या जिवावर. सात उरलेत. रोज सकाळी त्यांच्यावर पाणी शिंपडतात, ओला दगड बोटांनी चाचपतात आणि मला रंग विचारतात. मी करडा म्हटलं की चिडतात. करडा म्हणजे कुठला करडा?

त्या सातांत आपला डोंगर आहे अजून. तोच, तुला सापडलेला, दोन शिखरांचा, मधून पांढरी रेघ उतरलेला. पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या दालनात दगडांचं प्रदर्शन आहे, तिथे त्यांना तो मांडायचाय. पण अकरा वर्षं तो वाळूच्या तबकात बसून आहे. दुसऱ्या कुठल्या सुताराला त्यांनी त्याची लाकडी बैठक करू दिली नाही. तू अर्धी कोरलेली टेबलाखाली आहे, तिची धूळ मीच पुसते. बैठक हे निमित्त रे, त्यांना तू हवा आहेस. मलाही हवा आहेस, आणि हे पत्र वाचून तू या घराकडे कायमची पाठ फिरवशील अशी मला धास्ती वाटते.

तो आठवडा आठवतो? डोंगर डुगडुगत होता. दगडाच्या तळाला जशा खाचाखोचा असतील तशी बैठक कोरायची, दगडाला हत्यार लावायचं नाही, हा अण्णांचा नियम आपल्याला पाढ्यांच्या आधी पाठ झालेला. तरी तू वैतागून बोलून गेलास, की खालून बोटभर घासला तर काय बिघडतं, मुकाट बूड टेकेल! दुसऱ्या दिवशी अण्णांनी दगड उलटा केला तर तळाला ताजा, पांढुरका वण. तू नाही म्हणालास. एकदाच म्हणालास, आणि आठव्या दिवशी हत्यारांची पिशवी उचलून गेलास. अण्णा म्हणत राहिले, दगडाला हात लावला ते एक वेळ सोडा, पण खोटं बोलला.

मध्येच उठले होते. दूध उतू गेलं. पुसून आले. आता लिहितेच.

डोंगर मी पाडला. घासायचं बोललास त्याच दुपारी तू बाहेर गेला होतास. तुझा भुसा झाडायला म्हणून मी तो उचलला, उचललाच आहे तर धुवावा म्हणून नळाखाली धरला, आणि ओल्या हातांतून तो कट्ट्यावर आपटला. अंगठ्याच्या पेराएवढी कपची उडाली. आळ तुझ्यावर येणार हे मला कळलं नाही असं म्हणणार होते, पण कळलं होतं. तुला बोलणी खायची सवय होती, मला नव्हती. मी शहाणी मुलगी ना! संध्याकाळपर्यंत निवळेल म्हटलं. मग तू गेलास, आणि मग आजचं उद्यावर ढकलत गेले. कपची माझ्या बटणांच्या डब्यात होती. साधं बटण शोधायला गेलं तरी ती बोटाला लागायची.

परवा तुला माफ करून अण्णा मोकळे झाले आणि भर दुपारी घोरायला लागले. ते घोरणं मला ऐकवेना. आज सकाळी मी कपची त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती चाचपली, डोंगर उलटा केला, तळावरून बोट फिरवत जागा शोधली, आणि कपची तिथे बरोबर बसली. मग मी सगळं सांगितलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. दगडावर हात तसाच ठेवून म्हणाले, ती ओळ खोड. लिही, की मी पोटच्या पोरावर विश्वास ठेवला नाही. लिही, की माफ करायचं का ते आता त्याच्या हातात आहे. बैठक नाही केली तरी चालेल, पण ये. कपची त्यांनीच या पाकिटात घालायला लावली. डोंगर टेबलावर उलटा पडला आहे, आणि तू येईपर्यंत कुणी सरळ करायचा नाही म्हणतात.

म्हणू देणार असशील तर अजूनही तुझीच,
तायडी