सातचा खांब, चारची तुळई

प्रिय मोजपट्टी,

माझं सगळं फिरलं ते सरांच्या खोलीत नाही. ते फिरलं त्याच्या आठ दिवस आधी, त्या जुन्या कोठारात, शिडीच्या वरून तिसऱ्या पायरीवर. तुझा पाय मुरगळलेला, म्हणून वर मी चढलो होतो. तू खाली टेपचं टोक धरून ओरडत होतीस, "अरे काडीपेटी, आकडा सांग की! मान गेली माझी." आणि मी, ज्याचं तोंड कधी बंद नसतं तो मी, गप्प होतो. का, ते सांगतो. जरा धीर गोळा करू दे.

कॉलेज सोडून सात महिने झाले. हल्ली सुतारकाकांच्या हाताखाली पडायला आलेली कोठारं सावरतो. राहायला त्यांच्या कारखान्याचा माळा. खाट, स्टोव्ह, आणि उशीपासून साखरेपर्यंत सगळीकडे भुसा. घरी फोन केला की आई विचारते, "जेवलास का?" आणि मागून बाबा, "विचार त्याला, लाकडं फोडायला कॉलेज कशाला लागत होतं?" काका मला साहेब म्हणतात. "पटाशीवर राग काढू नका साहेब, ती बिचारी कॉलेजात नव्हती." ते असतात तोवर बरं असतं. ते घरी गेले, करवत थांबली, की माळा एकदम मोठा होतो. एका कपापुरता चहा अजून जमत नाही बघ. दरवेळी दोन होतात.

गेल्या आठवड्यात काकांनी आपल्याच कोठाराचं काम घेतलं. "आपल्या" म्हणालो, हसू नकोस. उफणताना वारा आरपार जावा म्हणून समोरासमोर ठेवलेली ती दोन मोठी दारं आठवतात? तिथे डबा खायला बसायचो आणि तुझे कागद उडायचे. तिथेच तू म्हणाली होतीस, तुळईवर कोरलेलं साल तुळईचं आहे, कोठाराचं नाही. तिच्यात रिकाम्या खाचा आहेत, म्हणजे ती आधी दुसरीकडे होती. कोठार तिच्यापेक्षा शंभर वर्षांनी तरी तरुण आहे. मी म्हटलं, साल डोळ्यांसमोर कोरलंय आणि ही बाई भोकं मोजत बसलीये! सरांनी माझी बाजू घेतली. तुझा प्रबंध परत आला, तुझं वर्ष गेलं. मग मी त्यांच्या टेबलावर माझे नकाशे फाडले आणि निघून आलो. सगळे म्हणाले, तिच्यासाठी भांडला. फाटकापाशी तूही रडत म्हणालीस, "माझ्यासाठी कशाला रे हा वेडेपणा?" ते मी तसंच राहू दिलं.

परवा काका त्याच शिडीवर चढले. जुने सुतार सगळा सांगाडा आधी जमिनीवर जुळवायचे, सांध्याच्या दोन्ही लाकडांवर पटाशीने सारख्याच रेघा पाडायचे, मग सुटा करून जागेवर उभारायचे. हे तूच मला वाचनालयात समजावलं होतंस. मी तुझ्या कानातल्याकडे बघत होतो, तरी ऐकलं होतं. काका वरून हसले, "साहेब, खांबावर सात रेघा, तुळईवर चार. सून दुसऱ्या घरची आहे!" मग म्हणाले, "पण इथली धूळ कुणीतरी आधीच पुसलीये." मी खाली खिळे वेचत राहिलो.

ती धूळ मी पुसली होती. त्या दिवशी, याच हाताने. सात आणि चार मी दोनदा मोजले. खाली उतरून तुला म्हणालो, "वर काही नाही, नुसती धूळ आहे." हरायचं नव्हतं, तेही तुझ्यासमोर. आणि तू लगेच वहीत लिहून घेतलंस, एवढा तुझा विश्वास. सरांवर चिडून नाही गं निघालो मी. तुझ्या शेजारच्या बाकावर बसवेना, म्हणून निघालो. काल कळलं, या खेपेला प्रबंधात तू माझंच, तुळईवर कोरलेलं साल लिहिलंयस. लिहू नकोस. सोमवारी तुळईचं ते कुजलेलं टोक कापायचंय, खूण जाईल. म्हणून दोन्ही खुणांवर कागद ठेवून कोळशाने घासून ठसे घेतलेत. एक जोडी या पाकिटात आहे. दुसरी खिशात घालून सरांकडे निघालोय, वर काय दिसलं होतं आणि तुला काय सांगितलं होतं ते त्यांच्या तोंडावर सांगायला. दोन कप धुवून पालथे घातलेत. चपला घातल्या. आता दार ओढून घेतो.

तुझाच,
काडीपेटी