झाकणाचं भांडं माझ्या नणंदेला

मी, एर्सिलिया बुओनोकोरे, कै. लिबोरियो कापासो यांची विधवा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा कॉफी बार चालवणे, राहणार सानिता, नेपल्स, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती तर गरजेपेक्षा जास्त शाबूत आहे. मोडलंय ते फक्त खुब्याचं हाड. अक्षर हलताना दिसेल, ते वयामुळे नाही, आनंदामुळे हलतंय. आज सकाळी दहाच्या सुमारास मला वारस सापडला, आणि हे लिहून पुरं केल्याशिवाय मी जेवणार नाही असं ठरवलंय. शेगडीवर पास्ता आणि वाटाणे गार होतायत, होऊ देत.

यापूर्वी केलेलं मृत्युपत्र, ज्यात सगळी मिळकत भाचा एजिदियो याच्या नावे केली होती, ते रद्द समजावं. ते मी साडेदहा वाजता फाडलं. मला मूलबाळ नाही, आईवडील केव्हाच गेले, त्यामुळे माझ्या मिळकतीवर कायद्याने कोणाचा राखीव हिस्सा नाही, असं नोटरीने मला दोनदा समजावून सांगितलं आहे. दुसऱ्यांदा त्याने फी घेतली नाही, याची नोंद व्हावी.

कलम पहिले. माझ्या अंत्यविधीला साधी पेटी आणावी. फुलं कमी, मेणबत्त्या चालतील. त्या दिवशी बार बंद ठेवू नये, एक तासही नाही. कारण पुढे येईल.

कलम दुसरे. बारच्या माथ्यावरचं माझं राहतं घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गल्लीकडची बाल्कनी, हे सर्व भाचा एजिदियो याला द्यावं. जानेवारीत मी बारच्या पायरीवरून घसरले तेव्हा त्यानेच मला दवाखान्यात नेलं, आणि तेव्हापासून खाली बारही तोच सांभाळतोय. तो या खोल्या परदेशी पाहुण्यांना भाड्याने देईल हे मला आत्ताच दिसतंय. देऊ दे. पोरगा वाईट नाही, शेहेचाळीस वर्षांचा झाला तरी त्याला फार घाई असते, एवढंच. मात्र स्वयंपाकघरातली ती छोटी खिडकी, जिच्यातून खाली बारचा काउंटर दिसतो, ती त्याने बुजवू नये. गेले आठ आठवडे माझं सगळं जगणं त्या खिडकीशी चाललंय.

कलम तिसरे. काचेची मोठी बरणीही एजिदियोलाच द्यावी. तिच्यात त्याने लोणची घालावीत.

या बरणीबद्दल थोडं लिहिणं भाग आहे, कारण हा कागद वाचणारा न्यायाधीश मिलानचाही असू शकतो. आमच्याकडे ज्याला दिवस बरा जातो तो एक कॉफी पितो आणि दोनचे पैसे देतो. दुसरीची चिठ्ठी काउंटरवरच्या भांड्यात टाकून निघून जातो. मग कधीतरी ज्याचा खिसा रिकामा आहे तो दारात येतो आणि विचारतो, "आहे का?" भांड्यात चिठ्ठी असेल तर त्याला गरम कॉफी मिळते. कोणी ठेवली हे त्याला कळत नाही, कोण प्यायला हे ठेवणाऱ्याला कळत नाही. मधे उभी राहते ती बारवाली, आणि तिने तोंड शिवून ठेवायचं असतं.

माझं भांडं तांब्याचं होतं, झाकणाचं. आत काय आहे ते फक्त मला ठाऊक. आणि आता मरणापुढे कशाला लपवू, कित्येकदा आत काहीच नसायचं. पावसाळी आठवड्यात लोकांचे हात आखडतात. तरी दारात कोणी उभं राहिलं की मी झाकण उचलायचे, आत बोटं फिरवायचे आणि म्हणायचे, "आहे की." हे खोटं मी एकेचाळीस वर्षं बोलले. फादरपुढे एकदाही कबूल केलं नाही, कारण मला त्याचा पश्चात्ताप नव्हता.

एजिदियोने माझ्या पाठीमागे भांडं माळ्यावर टाकलं आणि ही बरणी आणली. चार भाषांत पाटी लावली. काचेतून चिठ्ठ्या दिसल्या की पाहुण्यांना उत्साह येतो, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंही निघालं. पण त्या पाहुण्यांना मग हेही बघायचं असायचं की आपली कॉफी कोण पितो. म्हणून फेब्रुवारीत त्याने दोनातोचा फोटो काढला आणि फ्रेम करून भिंतीवर टांगला.

दोनातो लेत्तिएरी हा आमच्या भागातला हातमोजे कापणारा. बोटं अशी की कातडं हातात घेतलं की त्याची जात सांगायचा. कारखाना बंद पडला, बायको गेली, घर गेलं. आता तो चर्चसमोरच्या कमानीखाली झोपतो आणि रोज सकाळी दाढी करून माझ्या दारात येतो. चौदा वर्षं येत होता. ज्या दिवशी भिंतीवर स्वतःचं तोंड पाहिलं, त्या दिवसापासून आला नाही.

मी बाल्कनीतून त्याला रोज जाताना पाहायचे. कॉलर वर केलेली, मान खाली. हाक मारली तर टोपी उचलायचा आणि पुढे जायचा. एकदा न राहवून मी दोरीला टोपली बांधली, तिच्यात गरम कॉफीचा थर्मास ठेवला आणि खाली सोडली. त्याने टोपली हाताने थांबवली, वर बघितलं आणि म्हणाला, "एर्सिलियाबाई, हे तुम्ही मला देताय. हे मला नको. आत कोणी ठेवलेलं असतं ती गोष्ट वेगळी होती." मी टोपली वर ओढली आणि खुर्चीत बसून रडले. त्याच्या तब्येतीला ती थंडी झेपणारी नव्हती. दिवसातून एकदा चार भिंतींच्या आत उभं राहायची त्याची तेवढी एकच जागा होती, आणि ती माझ्या घरातल्या माणसानेच घालवली होती. एजिदियोला सांगून पाहिलं. तो म्हणाला, मामी, त्या फोटोमुळे तर गर्दी होते.

कलम चौथे. हे मुख्य कलम आहे, नीट वाचावं.

माझी नणंद रेस्तितुता कापासो, वय त्र्याहत्तर, एजिदियोची आई, समोरच्या इमारतीत राहते. तिची बाल्कनी माझ्या बाल्कनीसमोर. मधे कपडे वाळत घालायची कप्पीची दोरी आहे, तिचं एक टोक माझ्याकडे आणि एक तिच्याकडे. सत्तावीस वर्षं आम्ही त्या एकाच दोरीवर कपडे वाळत घातले आणि एकमेकींशी एक शब्द बोललो नाही. ती दोरी ओढायची ती मुद्दाम माझ्या चादरी तिच्या जुन्या परकरांना चिकटतील अशी. मीही काही कमी नव्हते.

भांडण असं झालं. लिबोरियो गेला तेव्हा मी बारला कुलूप घातलं, महिनाभर. चौथ्या दिवशी रेस्तितुता दारात आली आणि भर गल्लीत म्हणाली, "वहिनी, रडायचं तर वर बसून रडा. किल्ली इकडे द्या. सकाळी विचारायला येतात त्यांनी कुठे जायचं?" मला वाटलं भाऊ गार व्हायच्या आत हिचा दुकानावर डोळा. मी तिच्या थोबाडीत मारली. ती परत गेली आणि पुन्हा या उंबऱ्यात आली नाही. आज लिहून देते की ती किल्ली मागत होती, दुकान मागत नव्हती. चूक माझी होती. हे मला सत्तावीस वर्षांत किमान दहा वेळा कळलं होतं, पण कळणं वेगळं आणि समोरच्या बाल्कनीकडे बघून बोलणं वेगळं.

दोनातोने टोपली परत पाठवली ते तिने समोरून ऐकलं असणार. मी रडले तेही पाहिलं असणार. तेव्हा ती आपल्या चादरी काढून आत गेली.

आणि आज सकाळी! घरातल्या सपाता, कमरेला ॲप्रन, केसांना चिमटे, अशा अवतारात ती गल्ली ओलांडून सरळ बारमध्ये शिरली. मी खिडकीशी होते. एजिदियो काउंटरमागून म्हणाला, आई, तू इथे? तिने स्टूल ओढलं, त्यावर चढली, भिंतीवरचा फोटो उतरवला आणि ॲप्रनच्या खिशात घातला. बरणी उचलून दाराबाहेर ठेवली. मग म्हणाली, "भांडं कुठंय?"

"आई, गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाइकाचं मी बघते. माळ्यावर चढ."

तो चढला. शेहेचाळिसाव्या वर्षी माणूस आईच्या धाकाने माळ्यावर चढताना पाहणं, हे सुख मला मरणाआधी मिळालं, देवाचे आभार. भांडं खाली आलं. तिने ते लिंबाने घासलं, काउंटरवर ठेवलं, झाकण लावलं. आणि मग एजिदियोला मासळीवाल्याकडे पिटाळलं, एवढंच सांगायला की जुनं भांडं परत आलं आणि भिंत मोकळी झाली. मासळीवाल्याला सांगितलं की चर्चपर्यंत कळतं.

वीस मिनिटांनी दोनातो दारात आला. आत पाऊल नाही टाकलं. भिंतीकडे पाहिलं. नंतर भांड्याकडे. मग फार हळू विचारलं, "आहे का?"

आता ऐका. भांडं रिकामं होतं. बरणीतली शेवटची चिठ्ठी एजिदियोने आठ वाजता संपवली होती, ते मी वरून पाहिलं होतं, आणि त्यानंतर कोणीही काही ठेवलेलं नव्हतं. रेस्तितुता उभ्या आयुष्यात खोटं बोललेली नाही, लग्नात नवऱ्याच्या आईलासुद्धा खरं सांगून बसली होती. तिने झाकण उचललं, तेही अर्धंच, दारातून आत दिसणार नाही इतपत. हात घातला. चांगली शोधाशोध केली. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "आहेत खंडीभर. पण साखर घालायची की नाही ते लिहिलेलं नाही मेल्यांनी."

दोनातो म्हणाला, "दोन चमचे."

आणि तो आत आला. तिने आधी पाण्याचा पेला ठेवला, मग गरम कपात कॉफी. मशीनचा दांडा कसा ओढायचा हे तिला आठवत होतं, लग्नाआधी ती भावासोबत इथेच उभी राहायची. तो भिंतीला पाठ टेकून प्यायला, सावकाश, आणि त्याच्या गालांवर रंग आलेला मला वरून दिसला. मी खिडकीत तोंड उघडं टाकून बघत होते. रेस्तितुताने मान वर केली आणि सत्तावीस वर्षांनंतरचं पहिलं वाक्य बोलली.

"वहिनी, तोंड मिटा, माशी जाईल."

मला इतका आनंद माझ्या लग्नातही झाला नव्हता. लिबोरियोने माफ करावं.

सबब, तळमजल्यावरचा बार, त्यातली दांड्याची मशीन, कप, बशा, पेले, लिबोरियोची कॉफी दळायची चक्की, आणि झाकणासह तांब्याचं भांडं, हे सर्व मी माझी नणंद रेस्तितुता कापासो हिला देत आहे. ती त्र्याहत्तरची आहे आणि मी एकोणऐंशीची, हा काय वारस झाला, असं एजिदियो म्हणेल. त्याला उत्तर असं की तिच्यानंतर बार कोणाला द्यायचा ते तिनेच ठरवावं, आणि ठरवायची रीत आजच्यासारखीच असावी. भांडं रिकामं करावं, दारात कोणी विचारायला यावं, आणि उमेदवार काय म्हणतो ते खिडकीतून ऐकावं. एजिदियोनेही परीक्षेला बसायला माझी हरकत नाही. दुपारी तो आपणहून बरणीवरची पाटी खरवडताना दिसला, त्यामुळे आशा आहे.

कलम पाचवे. पोस्टातली माझी बचत आहे तीतून पेटीचा खर्च भागवावा. उरेल त्याची कॉफी आणि साखर आणावी.

कलम सहावे. औषधवाले डॉ. अमेदेओ योव्हिने यांनी माझ्या कॉफीला जळकी म्हटलं होतं. मी ते विसरलेली नाही. त्यांना काही देऊ नये. पण माणूस सरळ आहे, म्हणून साक्षीदार म्हणून त्यांनाच बोलावलं आहे. हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत हे मला माहीत आहे. आमच्या गल्लीत लागतात.

कलम सातवे. यात मी दोनातोला लिबोरियोचा लोकरी ओव्हरकोट आणि थोडी रक्कम लिहिणार होते. लिहायच्या आधी त्याला वर बोलावलं, कारण दुसरा साक्षीदार म्हणूनही मला तोच हवा होता. डॉक्टरांनी चष्मा पुसत सांगितलं की ज्याला मिळकतीतून काही मिळतं त्याने साक्षीदार राहू नये, नंतर लोक बोट दाखवतात. तेव्हा मी दोनातोलाच विचारलं, बाबा, तुला कोट हवा की सही करायची? थंडी अजून गेली नाही, कोट घे, असंही म्हटलं. रेस्तितुतानेही डोळ्यांनी तेच सांगितलं.

त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाला, "एर्सिलियाबाई, मिळायचं ते रोज मिळतं. चौदा वर्षांत मला कोणी सही मागितली नाही."

म्हणून कलम सातवे रिकामं ठेवलं आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून दाखवला, आणि तो माझी इच्छा म्हणून कायम करते.

ठिकाण: सानिता, नेपल्स
दिनांक: ११ मार्च २०१७

सही: एर्सिलिया बुओनोकोरे

साक्षीदार पहिला: डॉ. अमेदेओ योव्हिने, धंदा औषधविक्री, राहणार याच गल्लीत. (कॉफीबद्दलचं माझं मत कायम आहे.)

साक्षीदार दुसरा: दोनातो लेत्तिएरी, धंदा हातमोजे कापणे, राहणार नेपल्स.