शुगर काय हवेतून येते?

आई,

तू चोरून खात नव्हतीस. मला हे तेव्हाही माहीत होतं आणि मी बाबांना ते तोंडावर सांगितलंही होतं. पण न खाता तुझी शुगर का वाढते आहे, हे त्यांना पटेल असं सांगण्याइतकं ज्ञान माझ्याकडे नव्हतं. त्या काळी आपल्या डॉक्टरांकडेही नसावं. आता थोडंफार सांगता येईल. मात्र ज्यांनी विचारलं होतं ते बाबा नाहीत आणि जिच्यावरचा आळ पुसायचा ती तूही नाहीस. तरी लिहायला बसले आहे. अर्धवट राहिलेलं काम मला चैन पडू देत नाही, वय झालं तरी ती खोड गेलेली नाही.

दिल्लीतलं आपलं सरोजिनीनगरचं सरकारी क्वार्टर आता उरलं नाही. सगळी वसाहत पाडली आणि तिथे उंच इमारती चढताहेत. मागे एकदा मुद्दाम बघायला गेले, तर पत्र्याच्या कुंपणापलीकडे आपला ब्लॉक नेमका कुठे होता तेही कळेना. ते स्वयंपाकघर मात्र मला आजही अंधारात चालता येईल इतकं पाठ आहे. खिडकीशी जाळीचं कपाट, त्यात खालच्या खणात साखरेचा डबा, वरच्या खणात दूध. सगळ्यांची जेवणं झाल्यावर तू पाटावर बसतेस. अर्धी पोळी, आमटीचं तळाशी उरलेलं आणि मूठभर भात. पातेलं तू पोळीच्या तुकड्याने असं पुसून काढतेस की घासायला राहतच नाही काही. मी ताटात दोन शितं टाकली की तू हातातला घास खाली ठेवतेस. "उचल ती. माझ्या आईने एवढ्यासाठी खडी फोडली आहे." तू कधी आवाज चढवला नाहीस, पण या एका गोष्टीवरून तुझा आवाज बदलायचा. मी शितं उचलून खायची.

ती खडीची गोष्ट तू हसत हसत सांगायचीस. दुष्काळाचं साल, आजी पोटुशी आणि रस्त्याच्या सरकारी कामावर खडी फोडायला बसलेली. दिवसभर फोडलेल्या ढिगाच्या मापाने ज्वारी मिळायची. ती घरातल्या सगळ्यांत वाटली की आजीच्या वाट्याला उकडलेला पाला यायचा. "मी पोटातच सगळे उपास उरकून घेतले," असं तू म्हणायचीस, "म्हणून आता अंगाला काहीही लागतं." लागतही होतं. तू घरात सर्वांत कमी खायचीस आणि तुझाच कमरेचा घेर वाढत होता. थंडीत क्वार्टरसमोरच्या लॉनवर उन्हाला बसून तुम्ही बायका मटार सोलायच्या, स्वेटर विणायच्या. समोरच्या पंजाबी आंटी आपल्या पराठ्याचा डबा पुढे करायच्या आणि तू हात आखडलास की त्यांची सुरुवात व्हायची.

"भाभीजी, कुछ खाती तो हो नहीं. हवा खाके फूल रही हो क्या?"

"बहनजी, हवा भी पचता नहीं हमको," तू म्हणायचीस. तुझं हिंदी ऐकून सगळं लॉन हसायचं, तूही हसायचीस. मला त्या हसण्याचा राग यायचा. अजून येतो.

शुगर निघाली तेव्हा तू चाळिशीत होतीस. गोळ्या सुरू झाल्या, साखर बंद झाली, आणि तू ते सगळं निमूटपणे पाळलंस. पुढच्या दिवाळीनंतर रिपोर्ट आला तो आधीच्यापेक्षा वाईट. "मी काही खात नाही हो," तू म्हणालीस. बाबांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून एक कुलूप आणलं. जाळीच्या कपाटाला ते लावलं आणि किल्ली ऑफिसच्या बॅगेत टाकून ते मंत्रालयात निघून गेले. बाबा दुष्ट नव्हते. सेक्शनमधली महत्त्वाची कागदपत्रं ते अशीच ठेवायचे आणि तू त्यांना महत्त्वाची होतीस. त्यांना दुसरी रीतच माहीत नव्हती. सकाळी जाण्याआधी ते दिवसभराचं दूध बाहेर काढून द्यायचे. साखर मात्र त्यांच्या लक्षात यायची नाही.

त्याच आठवड्यात दुपारी आंटी चहाला आल्या. मी कॉलेजच्या सुट्टीमुळे घरीच होते. तू आधण ठेवलंस, पत्ती घातलीस, सवयीने कपाटाकडे वळलीस आणि थांबलीस. तुझा हात कुलपापर्यंत जाऊन परत आला. मग तू गॅस बारीक करून बाहेर आलीस आणि म्हणालीस, "बहनजी, चीनी खतम हो गया." आंटींची नजर तुझ्या खांद्यावरून आत गेलीच होती. एरवी कुणाचंही सोडत नसत, पण त्या दिवशी त्यांनी नजर वळवली. उठल्या, घरी गेल्या आणि वाटीभर साखर घेऊन आल्या. वाटीवर झाकण ठेवलं होतं. आपण तिघींनी चहा घेतला, तुझा अर्थातच बिनसाखरेचा. गप्पा मेथीच्या भावावर झाल्या. संध्याकाळी जिन्यात बाबा भेटले तेव्हा मात्र आंटींनी कसर भरून काढली. "भाईसाहब, चीनी इतनी महंगी हो गई कि ताले में रखनी पड़ रही है?" असं त्या अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

बाबा वर आले ते लाल होऊन. मी दारातच उभी होते. मी सांगितलं, "बाबा, आई खात नाही. मी सुट्टी लागल्यापासून बघते आहे. ती तुमच्या निम्म्यानेही खात नाही."

"मग शुगर काय हवेतून येते?"

मी बी.एस्सी. करत होते, जीवशास्त्र घेऊन. जास्त खाल्लं की शुगर वाढते, एवढंच आमच्या पुस्तकात होतं. तू आतून पोळ्या लाटता लाटता म्हणालीस, "असेल हो. झोपेत उठून खात असेन मी." चेष्टेनेच म्हणालीस, पण लाटणं थांबलं होतं. सकाळी कुलूप गेलं. बाबांनी ते कुठे टाकलं कोण जाणे. आळ मात्र गेला नाही. पुढे किडनीचं झालं, तू हॉस्पिटलात होतीस, नव्या डॉक्टरांनी हिस्ट्री विचारली, तेव्हाही बाबा हळूच म्हणालेच, "इनसे कंट्रोल नहीं होता था." तू जागी होतीस. साठीही पाहिली नाहीस तू, आई, आणि ते वाक्य ऐकून गेलीस.

मी तुझ्यासारखं मरायचं नाही असं ठरवूनच जगले. चहा बिनसाखरेचा, रात्रीचं जेवण दिवेलागणीला, पहाटे चालणं. नोकरीतली सगळी वर्षं ऑफिसच्या वाढदिवसांचे केक मी नुसते वाटले. निवृत्तीनंतर नोएडाच्या या सोसायटीतही लोक मला बघून लिफ्टमध्ये समोसे लपवतात. आणि गेल्या महिन्यात माझा रिपोर्ट आला. शुगर. रविवारी लेक आली. ती मुनिरकात खोली घेऊन राहते, जवळच्या संस्थेत उंदरांवर काम करते. शरीर म्हातारं का होतं, काहींचं लवकर आणि काहींचं उशिरा का होतं, हा तिचा विषय. मी रिपोर्ट पुढे टाकला आणि माझ्या तोंडून निघालं, "मी काही खात नाही गं." तुझंच वाक्य, तुझ्याच सुरात.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. इतक्या सहज! विश्वास ठेवायला एवढाच वेळ लागतो, आई. तुला तो कुणी दिला नाही. मग तिने तुझ्याबद्दल विचारलं, "आई, आजी पोटात असताना तिच्या आईला खायला मिळत होतं का?"

मी खडीची गोष्ट सांगितली. ती चमचा हातात तसाच धरून ऐकत राहिली. "यार आई, हे तू मला आधी का नाही सांगितलंस? बिल्कुल असंच असतं हे."

तिने सांगितलं ते तुला कळेल अशा शब्दांत लिहिते. पोटातल्या बाळाला आईच्या रक्तातून बाहेरच्या जगाची वर्दी मिळते. बाहेर उपासमार आहे असं कळलं की बाळाचं शरीर त्या हिशेबाने घडतं. इन्सुलिन करणाऱ्या पेशी कमी ठेवतं, स्नायू बेताचे ठेवतं, आणि मिळेल तो दाणा चरबी करून पोटाशी धरून ठेवायला शिकतं. जनुकं बदलत नाहीत. त्यांच्यावर बारीक रासायनिक खुणा बसतात, कुठलं वाचायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं याच्या.

"म्हणजे फाइल तीच, वरचा शेरा वेगळा," मी म्हटलं.

"शेरा म्हणजे?"

"रिमार्क गं. एकदा साहेबाने मारला की पुढचा प्रत्येक जण फाइल न उघडता त्याच्यावरच चालतो."

"अच्छा! हो, तसंच. आणि मग ते बाळ दिल्लीला येतं, दोन वेळचं जेवतं, तरी शरीर दुष्काळातच राहतं. त्याला वाटतं, उद्या मिळणार नाही. म्हणून कमी खाऊनसुद्धा साठवतं, साखर रक्तात राहते, आणि किडनी, डोळे, नसा, सगळं वेळेआधी म्हातारं होतं. वयाबरोबर त्या खुणा आणखी विस्कटतात. तो तर माझा थीसिसच आहे."

मी तिला बाबांचा प्रश्न सांगितला. ती हसली. "हवेतून? दिल्लीच्या हवेतून काय वाट्टेल ते येईल, आई." मग गंभीर झाली. म्हणाली की उंदरांत हे स्पष्ट दिसतं, माणसांतही दुष्काळात पोटात वाढलेल्यांमध्ये शुगर जास्त दिसते, पण आजीची शुगर त्यामुळेच होती असं एका माणसाबद्दल छातीठोक सांगता येत नाही. मला तिचं हे बोलणं आवडलं. कमी बोलावं पण खरं बोलावं, एवढं तरी तिने माझ्याकडून घेतलं. माझ्याबद्दल विचारलं तर म्हणाली, तुझ्यापर्यंत किती आलं ते कुणालाच माहीत नाही. पण काही खुणा पुसट होतात. चालण्याने, झोपेने, स्नायू टिकवल्याने. तू इतकी वर्षं चाललीस म्हणून कदाचित तुला आता झाली, नाहीतर आजीसारखी चाळिशीत झाली असती.

निघताना चपला घालता घालता तिने आणखी एक सांगितलं. मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिच्या अंगात पुढची बीजं तयार झालेली असतात. "टेक्निकली आई, आजी तिच्या आईच्या पोटात होती तेव्हा तुझं बीजही तिथेच होतं." आणि मेट्रो चुकेल म्हणून पळाली.

मी दार लावून तिथेच उभी राहिले. तुझी आई उन्हात हातोडा घेऊन बसली आहे, तिच्या पोटात तू, तुझ्यात मी. आपण तिघी एका भुकेत. तू अर्धी पोळी घेऊन पाटावर बसायचीस तेव्हा मला वाटायचं, आम्ही सगळे जेवलो आणि तू एकटीच राहिलीस. तसं नव्हतं. मीही होते तिथे, तुझ्या जन्माआधीपासून तुझ्यासोबत. हे तुला आत्ता, या दुपारी, समोर बसून सांगायला मिळालं असतं तर मी काय दिलं असतं ते मला मोजता येत नाही. तू हसून म्हणाली असतीस, "झोपेत खात नव्हते तर!" ते ऐकायचं होतं मला. बस, तेवढंच.

पाठवायला पत्ता नाही. लेकीला वाचायला द्यावं असं वाटलं होतं, पण तिलाही देणार नाही, शेवटच्या या चार ओळींमुळे. सगळे म्हणतात मी बाबांवर गेले. चाल त्यांची, कपाळ त्यांचं, रागही त्यांचाच. आरशात कितीदा शोधलं, तुझं काही सापडत नाही. रिपोर्ट आला तेव्हा मी घाबरले, चिडले, डॉक्टरांशी वाद घातला, ते सगळं तिला माहीत आहे. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं होतं.