मोगऱ्याला कोण शिवलं

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तुझ्याशी भांडायचं मात्र मला आत्ता सुचतंय. आज सकाळी लातूरच्या घराच्या गच्चीवर मोगऱ्याची कुंडी पालथी घातली, तेव्हापासून डोकं तापलंय. चहा उतू गेला, पोळी करपली, तरी राग उतरेना. ऐकून घे.

मुदखेडला दादांच्या रेल्वे क्वार्टरमागं तुझी परसबाग होती. वांगी, शेपू, दोडक्याचा वेल आणि न्हाणीच्या पाण्यावर पोसलेला तो मोगरा. गावाबाहेर फुलांचे मळे होते, पण तू म्हणायचीस, "त्यायला न्हाई असला वास." तिन्हीसांजेला माझ्या वेणीत गजरा माळताना तुझे ओले हात मानेला लागायचे, ते अजून आठवतं. मग मला पहिल्यांदा कावळा शिवला. मागच्या पायरीवर गोणपाट आलं, ताटली वेगळी झाली आणि वर तुझा हुकूम, की मोगऱ्याकडं फिरकायचं नाही, त्याच्यावर सावलीसुद्धा पाडायची नाही. मी गेले. दुसऱ्या दिवशी शाळेत गॅदरिंग होतं आणि कळ्या टपोऱ्या झाल्या होत्या. ओंजळभर खुडल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत झाडानं मान टाकली.

शेजारणी अंगणात निवडणं-टिपणं करत बसल्या असताना तू मला हाक मारतेस. "शिवलीस न्हवं तू? खरं सांग. उभं झाड वाळून राहिलंय, दिसंना का?" मी मान खाली घालते. एक जण म्हणते, "लई कडक विटाळ हाय बाई पोरीचा." आणि तू तिला गप्प करत नाहीस. माय, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे. तू मला मारलं असतंस तर विसरले असते. पण लोकांसमोर माझ्या अंगाला झाडं मारणारं अंग ठरवू दिलंस, आणि मीही ते खरं मानलं.

पुढं दादांनी ते खोड उपटलं. ते अलगद हातात आलं, कारण खाली मूळच उरलं नव्हतं. खड्ड्यात पांढऱ्या, जाड, अंग मुडपलेल्या अळ्या वळवळत होत्या आणि तुझ्या कोंबड्या धावत येऊन त्या मटामट गिळत होत्या. तू तिथंच उभी होतीस! कंबरेवर हात ठेवून कोंबड्यांना आणखी बोलावत होतीस. पावसाळ्याच्या तोंडाशी शेजारच्या गोठ्यातलं ओलं शेण पाट्या भरभरून बुडाशी कुणी घातलं होतं? तूच. कच्च्या शेणात हुमणी होते आणि ती मुळं खाते, हे तुझ्या माहेरच्या शेतात लेकरालाही ठाऊक होतं. पण कोंबड्यांना कळलं ते तुला कळलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथं तर चोर तुझ्या डोळ्यांदेखत कोंबड्यांच्या पोटात गेला. तू नवा मोगरा लावलास. गजरा मला नंतरही मिळायचा, पण दारातून हातात. झाडापर्यंत तू मला कधी येऊ दिलं नाहीस, ते चार दिवस नसले तरीही.

आज आमच्या कुंडीतला मोगरा तसाच मलूल झालेला पाहून सासूबाई म्हणाल्या, "पोरगी शिवली असंल. इचार तिला." माझी लेक कॉलेजात आहे. ती कांदा चिरता चिरता हसली. "आजी, मग उद्या शेपूवर सावली पाडते. शेपू तरी बंद होईल घरातला." सासूबाईंनाही हसू फुटलं. मला हसता आलं नाही. तडक गच्चीवर गेले, कुंडी पालथी घातली, आणि मातीत त्याच अळ्या. नर्सरीतून आणलेलं शेणखत नीट कुजलेलंच नव्हतं. सुपात घालून खाली आणल्या आणि सासूबाईंसमोर धरल्या. त्यांनी वाकून पाहिलं. "हाव की, हुमणी हाय. पन ती तरी कशानं आली म्हंते मी?"

"शेणानं!" मी अशी ओरडले की शेजारच्यांनी खिडकी उघडली. लेक सुरी हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. तिला काय ठाऊक, ते ओरडणं मुदखेडच्या अंगणातलं होतं, फक्त पोचायला उशीर झाला.

हा कागद तुला पोचणार नाही. पिठाच्या डब्याखाली घालून ठेवीन. पण एवढं भांडून झाल्यावर लपवलेली एक गोष्ट सांगून टाकते. या गच्चीवर गुलाब, जास्वंद, मिरच्या, कोथिंबीर, मनी प्लांट, सगळं लग्न झाल्यापासून आहे. मोगरा का नाही, असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, लातूरच्या पाण्याला तो टिकत नाही. पाण्याचं नाव काढलं की इथं पुढं कुणी काही विचारत नाही. खरं म्हणजे, माय, मोगरा मी माझी पाळी बंद झाल्यावरच आणला.